पेट्रोलमधील शिसे

इ. स. १९२४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत, न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात पेट्रोलमध्ये मिसळावयाचे द्रवरूप शिसे तयार करणारे ५ कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. हा द्रव कातडीतूनही शरीरात शिरतो आणि मेंदू गाठतो. तरी ३० ऑक्टोबरला संशोधक टॉमस मिजली यांनी वार्ताहरांसमोर त्याने हात धुऊन दाखविले! वास्तविक १९२३ साली शिसेबाधेमुळे त्यांनाच विश्रांती घ्यावी लागली होती.

मेंदूतील अर्बुदांशी शिशाचा संबंध काही पाहण्यांत आढळला, काहींत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेने २००६ मध्ये निरिंद्रिय शिसे ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरविले. पेट्रोलमधील सेंद्रिय शिशाविषयी पुरावा अपुरा मानला. मोटारीच्या धुरातून मात्र मुख्यतः निरिंद्रिय शिसेच बाहेर पडे. मोटारींसाठी हे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथील विक्री २०२१ साली थांबली.