पुर्जे की रचना? : पाच लिटरच्या एका पेटीचा इतिहास

महागड्या स्पीकरांच्या जाहिराती वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्यांत आवाजाबद्दल थोडे आणि सामानाबद्दल पुष्कळ लिहिलेले असते. ट्वीटरचा पडदा बेरिलियमचा, आतली तार चांदीची, चुंबक इतक्या किलोचे, कपॅसिटर खास जातीचे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे ड्रायव्हर घेणारा हौशी माणूसही आधी चुंबक हातात तोलून पाहतो. या सवयीमागे एक गृहीतक आहे : उत्तम पुर्जे एकत्र आणले की उत्तम स्पीकर तयार होतो. स्पीकरांच्या शंभर वर्षांच्या इतिहासात हे गृहीतक कितपत टिकते, हे मला या लेखात तपासायचे आहे.

ढिला पुर्जा, घट्ट आवाज

आज घरोघरी दिसणाऱ्या स्पीकरची मूळ कल्पना १९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या अभियंत्यांनी मांडली. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्याला जोडलेला शंकूच्या आकाराचा पडदा. वेटोळ्यातून प्रवाह गेला की पडदा पुढेमागे हलतो. पुढची तीस वर्षे खर्जासाठी मोठा पडदा, मोठे चुंबक आणि कपाटाएवढी पेटी हाच मार्ग समजला जाई.

१९५४ साली एडगर विल्चर यांनी हेन्री क्लॉस यांच्या साथीने 'एआर-१' बाजारात आणला. त्यातल्या वूफरचा पडदा मुद्दाम ढिला बांधलेला होता. सुटा तपासला असता तर कोणीही तो नापास केला असता, कारण पडद्याला जागेवर परत आणणारा ताण त्यात फारसा नव्हताच. तो ताण हवाबंद पेटीतली हवा पुरवत असे. हवा दाबली जाते, प्रसरण पावते आणि स्प्रिंगचे काम करते; तेही कापडाच्या किंवा कागदाच्या कडेपेक्षा अधिक सरळपणे. त्यामुळे पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीतून खोल खर्ज ऐकू आला. हा पुर्जा चांगला की वाईट, या प्रश्नाला पेटीशिवाय उत्तरच नव्हते.

हेच गणिताच्या भाषेत मांडले ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली, आणि १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेले. ड्रायव्हरचे मोजके गुणांक कळले की तो कोणत्या पेटीत कसा वाजेल हे कागदावरच काढता येऊ लागले. चुंबक 'जितके मोठे तितके बरे' ही समजूतही त्यातून ढासळली. पेटीच्या मानाने चुंबक फार ताकदीचे असेल तर खर्ज उलट बारीक होतो.

मिरजेच्या तंबोरे करणाऱ्या कारागिरांना यात नवल वाटणार नाही. भोपळा कितीही निवडक असला तरी घोडीवर जवारी नीट लागली नाही तर तंबोरा बोलत नाही.

बीबीसीची छोटी पेटी

या वादातले सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे बीबीसीचा 'एलएस३/५ए'. बीबीसीच्या संशोधन विभागात स्टुडिओंच्या एक-अष्टमांश प्रतिकृती करून त्यांच्या नादगुणांचा अभ्यास चालला होता. त्या कामासाठी एक छोटा स्पीकर लागला; सुमारे ४०० हर्ट्झच्या वरचे आवाज त्याने प्रामाणिकपणे द्यावेत, एवढीच अपेक्षा होती. तो अनपेक्षितपणे चांगला निघाला. बाहेरच्या प्रक्षेपणासाठी फिरणाऱ्या गाड्यांत मोठ्या स्पीकरांना जागा नसे. तिथे निवेदकाचा आवाज पारखायला असा स्पीकर उपयोगी पडेल, हे ध्यानात आल्यावर त्याला पूर्ण रूप देण्यात आले.

त्यातले दोन्ही ड्रायव्हर केंट परगण्यातल्या 'केईएफ' या कंपनीचे होते. पाच इंची 'बी११०' वूफर आणि पाऊण इंची घुमटाचा 'टी२७' ट्वीटर. दोन्ही चांगले, पण दुर्मीळ नव्हेत; केईएफ ते इतर उत्पादकांनाही विकत असे. वेगळेपण होते ते त्यांच्याभोवतीच्या कामात.

पेटी जाड आणि वजनदार न करता साधारण १२ मिलिमीटरच्या बर्च प्लायवूडची केली आणि आतून डांबरी थर चिकटवला. जाड भिंतही कंप पावतेच, फक्त तो कंप कानाला अधिक जाणवणाऱ्या पट्टीत जातो. पातळ भिंतीला थर दिला की तो खाली उतरतो आणि दबतो, हे बीबीसीच्या प्रयोगांत दिसले होते. ट्वीटरभोवती जाड फेल्टच्या पट्ट्या लावल्या, म्हणजे पेटीच्या कडांवरून ध्वनी विखुरणार नाही. पेटी अवघी पाच लिटरची, तेव्हा खरा खर्ज शक्यच नव्हता. म्हणून खालच्या सुरांत किंचित फुगवटा ठेवला, त्यामुळे ऐकणाऱ्याला पेटी आहे त्याहून मोठी भासते. आवाज वूफर आणि ट्वीटरमध्ये वाटून देणारे क्रॉसओव्हर हे सर्किट तर दोन्ही ड्रायव्हरांपेक्षा गुंतागुंतीचे होते.

हाच 'बी११०' स्कॉटलंडच्या 'लिन' कंपनीने जवळजवळ तेवढ्याच पेटीत, 'कान' नावाच्या आपल्या स्पीकरमध्ये वापरला. ट्वीटर वेगळा, क्रॉसओव्हर साधा आणि स्पीकर भिंतीला टेकवून ठेवायचा. आवाजाचा स्वभाव पार निराळा झाला. वूफर तोच, रचना दुसरी.

'ए' हे अक्षर कुठून आले?

इथवर निकाल रचनेच्या बाजूने लागल्यासारखा वाटतो. पण या स्पीकरच्या नावातच त्याची दुसरी बाजू दडली आहे. मूळ नमुना होता 'एलएस३/५'. त्याची थोडी पेटीबंद संख्या तयार झाली, आणि पुढे अधिक नग करायची वेळ आली तेव्हा लक्षात आले की केईएफकडून येणारे दोन्ही ड्रायव्हर आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. जुने सर्किट त्यांना जुळेना. सारी आखणी पुन्हा करावी लागली आणि नावापुढे 'ए' लागला. हॅरवुड, व्हॉटन आणि मिल्स यांनी १९७६च्या बीबीसी अहवालात हे नोंदवून ठेवले आहे.

रॉजर्स, स्पेंडॉर, हारबेथ अशा अनेक कंपन्यांनी परवान्यावर हा स्पीकर बनवला. पुढे वूफरमध्ये पुन्हा फरक पडत गेला आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रॉसओव्हर नव्याने आखावा लागला. म्हणूनच जुना १५ ओहमचा आणि नवा ११ ओहमचा असे दोन प्रकार संग्राहक मानतात. प्रत्येक नगातला ट्वीटर त्याच्या वूफरशी जुळवून घेता यावा, यासाठी क्रॉसओव्हरमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या वेगवेगळ्या टोकांची सोयही केलेली होती. पुर्जे थोडेफार बदलणारच, हे रचनाकारांनी रचनेतच धरले होते.

गुणवत्तेचा अर्थ

पुर्ज्याच्या अंगच्या गुणाला काहीच मोल नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. यामाहाने १९७४ साली 'एनएस-१०००एम'मध्ये बेरिलियमचे घुमट वापरले. हा धातू अतिशय हलका आणि कडक असल्याने पडद्याचे वेडेवाकडे थरथरणे ऐकू येणाऱ्या पट्टीच्या बाहेर ढकलता येते. असे थरथरणे क्रॉसओव्हरने झाकता येते, नाहीसे करता येत नाही. काही दोष पुर्ज्यातच मिटवावे लागतात.

पण ऐकणाऱ्याला शेवटी काय आवडते? कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून चाचण्या घेतल्या. समोर सपाट आणि बाजूंनाही सुरळीत आवाज फेकणारे स्पीकर श्रोत्यांनी पसंत केले. हा गुण कोणत्याही एका पुर्ज्याचा नसतो, तो सगळ्यांच्या जुळणीतून येतो. पुढे टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली दाखवले की स्पीकर डोळ्यांसमोर असला की त्याच श्रोत्यांचे गुण बदलतात, अनुभवी श्रोत्यांचेही. बेरिलियम आणि चांदीच्या जाहिराती नेमक्या या डोळ्यांसाठी असतात.

तेव्हा पुर्जे की रचना, हा प्रश्नच थोडा वेगळा विचारायला हवा असे मला वाटते. स्पीकर घडवते ती रचनाच. मात्र रचना म्हणजे विशिष्ट पुर्ज्यांशी केलेला करार असतो, आणि शंभरावा नग पहिल्यासारखाच निघाला तरच तो करार टिकतो. बीबीसीला केईएफकडून हवे होते ते सातत्य, आणि ते न मिळाल्यामुळे एकदा नव्हे तर दोनदा आखणी बदलावी लागली. उच्च दर्जाच्या पुर्ज्याची खरी ओळख तिथे आहे. ती जाहिरातीत छापता येत नाही आणि हातात तोलूनही कळत नाही.