बुऱ्हाणपूरच्या वाटेवरची फिरंगी गाडी

गेल्या महिन्यात फोंड्याचे एक स्नेही घरी आले होते. चहा होईपर्यंत इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग त्यांनी मोबाइल काढून एक फोटो दाखवला. लिस्बनमधल्या कुठल्याशा गॅरेजात उभी असलेली मोटारसायकल. पांढरी टाकी, तांबडी सीट, दोन्ही बाजूंना कानांसारखी बाहेर आलेली सिलिंडरं. बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस, १९८६ सालची. स्नेह्यांचे चुलतभाऊ बरीच वर्षं तिकडे आहेत, ही गाडी त्यांची. आता सत्तरी ओलांडली, गुडघे साथ देत नाहीत, म्हणून त्यांनी ती पुतण्याला, म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या मुलाला, देऊ केली आहे.

"तुम्ही जुन्यापान्या गोष्टींवर लिहिता. ही गोव्यात आणता येईल काय, ते सांगा बघू."

गाडी साधी नव्हे, हे मलाही ठाऊक होतं. १९८० साली हे मॉडेल निघालं तेव्हा डांबरी रस्त्याची मोठी मोटारसायकल वेगळी आणि माळरानावर पळवायची हलकी मोटारसायकल वेगळी, अशी सरळ वाटणी होती. ह्या गाडीने ती मोडली. जवळपास ८०० सीसीचं इंजिन, साखळीऐवजी शाफ्ट, मागचं चाक एकाच दांड्यावर. १९८१ सालची पॅरिस-डाकार शर्यत युबेर ओरिओल ह्या फ्रेंच स्वाराने ह्याच जातीच्या गाडीवर जिंकली. आज ज्यांना 'अ‍ॅडव्हेंचर' गाड्या म्हणतात त्या साऱ्यांची ही आजी.

मी चार दिवस मागून घेतले. विचारपूस केली, आणि उत्तर मिळालं ते असं. काही खास प्रकारचे लोक सोडले तर आपल्याकडे परदेशातलं वापरलेलं वाहन आणायचं असल्यास ते तयार झाल्यापासून तीन वर्षांच्या आतलं लागतं. दुसरं टोक म्हणजे पुराण वाहनं. पूर्वी १९५० च्या आधीचीच वाहनं ह्या सदरात आणता येत. २०२५ मध्ये ती अट बदलली आणि आता पन्नास वर्षं पूर्ण झालेलं वाहन आणता येतं, जकात भरून अर्थात. २०२१ पासून अशा वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियमही झाले आहेत. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, आणि रोजच्या वापराला मनाई. मेळाव्याला, प्रदर्शनाला, दुरुस्तीला तेवढी बाहेर काढायची.

म्हणजे तीन वर्षांपेक्षा जुनी आणि पन्नासपेक्षा तरुण अशी गाडी मधल्या मध्ये अडकते. आमच्या स्नेह्यांची चाळिशीतली गाडी नेमकी तिथेच. मी हे सांगितल्यावर ते हिरमुसले. म्हणाले, "आमचे आजोबा म्हणायचे, पोर्तुगीज गेले पण आल्फांद काही गेला नाही!"

आल्फांद, म्हणजे जकातीचं ठाणं. त्यांच्या ह्या वाक्यावरून मला एक जुनी हकीकत आठवली. समुद्रापलीकडचं वाहन आणि आल्फांद ह्यांची गाठ आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वीही पडली होती, आणि त्या हकीकतीचा रस्ता बुऱ्हाणपुरातून जातो.

बुऱ्हाणपूर आपल्याला ऐकून माहीत असतं. मुमताजमहलचा मृत्यू १६३१ साली तिथे झाला, ताजमहालाच्या आधी ती तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत पुरलेली होती, इतपत. आज ते मध्य प्रदेशात मोडतं, पण एका बाजूला जळगाव जिल्ह्याचा रावेर तालुका लागून आहे, आणि बाजारात मराठी बोललात तर कोणी वळून बघत नाही. १६१५ मध्ये मात्र हे गाव मुघलांच्या दक्षिणेतल्या फौजेचं मुख्य ठाणं होतं. सुरतेच्या बंदरातून आग्र्याकडे जाणारा मोठा रस्ता इथूनच जाई.

त्या वर्षी सप्टेंबरात इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेला उतरला. जहांगीर बादशहासाठी त्याने आणलेल्या नजराण्यांत एक इंग्लिश घोडागाडी होती, चार चाकांची, बंदिस्त, आत मखमल लावलेली. ती हाकायला विल्यम हेम्सेल नावाचा गाडीवानही बरोबर आला होता.

सुरतेच्या जकातवाल्यांनी रोला वकील म्हणून सोडलं नाही. सामान उघडा, माणसांची झडती द्या, असा आग्रह धरला. मी राजाचा प्रतिनिधी आहे, मला हात लावायचा नाही, असं रो म्हणत राहिला. ह्या वादावादीत महिना गेला. परदेशातून आलेली पेटी सोडवायला ज्यांनी बंदरावर खेटे घातले आहेत त्यांना रोची रोजनिशी वाचताना अगदी घरच्यासारखं वाटेल.

शेवटी रो निघाला आणि नोव्हेंबरच्या मध्याला बुऱ्हाणपुरास पोचला. गाव त्याला फारसं आवडलं नाही. शाहजाद्याची, खानखानानची आणि इतर थोड्यांची घरं सोडली तर बाकी सगळी मातीची, असं त्याने लिहून ठेवलं. शाहजादा परवेझच्या दरबारात त्याला बसायला आसन मिळालं नाही, खांबाला टेकून उभं राहण्याची तेवढी परवानगी मिळाली. इंग्रजांना बुऱ्हाणपुरात वखार घालू देण्याचं मात्र परवेझने कबूल केलं. आत बोलावून निवांत बोलू असंही तो म्हणाला होता, पण नजराण्यात दारूच्या बाटल्यांची एक पेटी होती. त्या रात्री शाहजादा बोलण्याच्या स्थितीत राहिला नाही आणि भेट बारगळली. पुढे रो स्वतःच तापाने आजारी पडला आणि तशाच अवस्थेत त्याने अजमेरची वाट धरली.

जानेवारी १६१६ मध्ये अजमेरला घोडागाडी बादशहाला नजर झाली. जहांगीर तिच्यात चढून बसला आणि रोच्या नोकरांकडून ती थोडी ओढवून घेतली. आतली मखमल चीनमधली होती. इंग्लंडच्या राजाने एवढ्यासाठी चीनपर्यंत जावं काय, ह्याहून चांगली मखमल त्यांच्याजवळपास मिळते असं आम्ही ऐकतो, असा शेरा बादशहाने मारल्याचं रोचा पाद्री एडवर्ड टेरी सांगतो. आणलेल्या मालाची पारख करण्यात तो कोणाला हार जाणारा नव्हता.

पण खरी गोष्ट त्यापुढची. जहांगीरने ती गाडी पूर्ण सुटी करवली. त्याच्या कारागिरांनी एकेक भाग पाहून, मोजून, तशीच दुसरी गाडी बांधली. मग मूळ गाडी परत जोडली. आतली चिनी मखमल काढून फुलं विणलेलं भारी वस्त्र लावलं आणि पितळी खिळ्यांच्या जागी सोन्याचा मुलामा दिलेले चांदीचे खिळे आले. नोव्हेंबर १६१६ मध्ये बादशहाने अजमेर सोडलं तेव्हा तो स्वतः बसला तो इथे बनलेल्या नव्या गाडीत. इंग्लंडहून आलेली मूळ गाडी नूरजहाँला दिली होती. आपण फिरंगी गाडीतून निघालो, असं जहांगीरच्या आठवणींतही नोंदलेलं आहे.

मला ह्यात सगळ्यात मोलाची वाटते ती गाडी सुटी करण्याची घटना. वस्तू बंदरावर उतरली म्हणून आपली होत नाही. कोणीतरी ती उघडावी लागते.

ह्याच्या नेमकी उलट गोष्ट आपल्या गोव्याच्या बंदराची आहे. विजयनगर आणि बहामनी काळापासून इथल्या धक्क्यावर उतरणारा सगळ्यात मोलाचा माल म्हणजे अरबी आणि इराणी घोडे. त्या काळचं लढाईचं वाहनच ते. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतला त्यामागे हा घोड्यांचा व्यापार हे एक मोठं कारण होतं. पुढे होर्मुझहून घोडे भरून येणाऱ्या गलबतांना बाकीच्या मालावर जकातीची सवलत देऊन पोर्तुगिजांनी तो व्यापार गोव्याकडे ओढून घेतला. वर्षानुवर्षं घोडे येत राहिले, कारण घाटावरच्या राजांची गरज कधी संपतच नव्हती. ती का संपत नव्हती? मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस पूर्व किनाऱ्यावरच्या घोड्यांबद्दल लिहिताना ह्याचं एक कारण दिलं आहे. घोडे आणणारे व्यापारी सोबत नालबंद आणत नसत, आणि कोणाला येऊही देत नसत. देखभालीची विद्या इथे आली नाही तर घोडे मरत राहतील आणि पुढच्या वर्षी पुन्हा गिऱ्हाईक तयार. हवापाणी, चारा ही कारणंही होतीच. पण व्यापाऱ्याची ही युक्ती आजही ओळखीची वाटावी अशी आहे. वस्तू विकायची, विद्या ठेवून घ्यायची.

आता पुन्हा बुऱ्हाणपुरात जाऊ, कारण तिसरी गोष्ट तिथेच आहे. रोने ज्या खानखानानच्या घराचा उल्लेख केला तो अब्दुर्रहीम, म्हणजे दोहे लिहिणारा आपल्या शाळेच्या पुस्तकातला रहीम. फौजेने भरलेल्या ह्या गावाला पाणी पुरेना. तेव्हा १६१५ च्या सुमारास, म्हणजे रो ह्या वाटेने गेला त्याच काळात, इथे इराणी पद्धतीची भुयारी पाणीव्यवस्था उभी राहिली. सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे जमिनीखालून झिरपणारं पाणी वाटेत अडवायचं, ओळीने कुंड्या, म्हणजे विहिरी, खणायच्या आणि त्या तळाशी भुयाराने जोडायच्या. भुयाराला इतका बेताचा उतार की पाणी आपल्या पायांनी गावात येतं. ना मोट, ना रहाट. ही योजना आखणारा जाणकार इराणी होता, तबकुतुल अर्ज ह्या नावाने तो ओळखला जातो.

ह्याला कुंडी भांडारा म्हणतात, लोकांच्या तोंडी खूनी भांडारा. शंभराच्या वर कुंड्या आहेत. एका कुंडीत लिफ्टने खाली उतरता येतं. खाली क्षारांनी पांढऱ्या पडलेल्या भिंती आणि पायाशी संथ वाहणारं पाणी. चारशे वर्षं झाली, ते वाहतंच आहे. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचं नाव गेलं.

जहांगीरची चांदीच्या खिळ्यांची गाडी आज कुठेही बघायला मिळत नाही. त्याच सुमारास इराणातून बुऱ्हाणपुरात आलेली विद्या मात्र अजून पाणी देते. तिच्यावर सुरतेच्या जकातवाल्यांना काही आकारता आलं नसतं, कारण ती माणसाच्या डोक्यातून आली होती.

मोटारसायकलच्या बाबतीत आपल्याकडे हेच घडलं आहे. भारतीय लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी इंग्लंडमधल्या रेडिचच्या बुलेट हव्या होत्या. त्यातून १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत इथे त्यांची जुळणी सुरू झाली. आधी सुटे भाग बोटीने येत, मग यंत्रं आली, मग सगळीच गाडी इथे बनू लागली. १९७० पर्यंत इंग्लंडातलं उत्पादन थांबलं आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट उलट इंग्लंडला जाऊ लागली. चेकोस्लोव्हाकियाची जावा मैसुरात उतरली आणि पुढे येझदी झाली.

आपल्या गोव्यात १९६१ च्या आधी चित्र वेगळं होतं. १९५५ च्या नाकेबंदीनंतर खाणींच्या पैशावर विदेशी माल भरपूर आला. तेव्हा आलेल्या गाड्या मुक्तीनंतर भागांवाचून अडल्या, तेव्हा त्या चालू ठेवल्या त्या म्हापशा-मडगावच्या मिस्त्रींनी. एका गाडीचा पिस्टन दुसरीला, लेथवर घरीच वळवलेला बुश. आपल्या पिवळ्या-काळ्या पायलटांच्या गाड्याही अशाच हातांनी पोसल्या आहेत. हे मिस्त्री म्हणजे जहांगीरच्या त्या निनावी कारागिरांचे वारस.

म्हणून मधल्या वयाच्या गाड्यांना दार बंद ठेवणाऱ्या नियमाचं मला थोडं वाईट वाटतं. त्यामागची कारणं खोटी नाहीत. दार मोकळं सोडलं तर दुसऱ्या देशांनी टाकून दिलेली धुरकट वाहनं आपल्या बंदरांवर येऊन पडतील, आणि इथले कारखाने उभे राहिले तेही अशाच बंधनांच्या आडोशाला. पण चाळीस वर्षांपूर्वीची अशी यंत्रं हाताने उघडून समजून घेता येतात. पन्नाशी गाठून ती येतील तेव्हा प्रदर्शनात ठेवायला येतील, आणि तोवर ती उघडणारे हात उरले असतील की नाही, हाच प्रश्न आहे.

स्नेह्यांना मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, तुमचे बंधू किंवा तिकडचं कोणी ती गाडी कार्नेच्या कागदावर इथे आणू शकतं. ते एक हमीपत्र असतं, जकात न भरता गाडी साधारण सहा महिने देशात राहू शकते, पण मुदतीत परत न्यावीच लागते. पाहुणी म्हणून आली, पाहुणी म्हणून गेली. दुसरी, १९८६ ची गाडी २०३६ मध्ये पन्नास वर्षांची होईल.

"दहा वर्षं!" ते म्हणाले.

मी म्हटलं, "मुलाला एकदा लिस्बनला पाठवा. काकांबरोबर बसून ती गाडी खिळ्याखिळ्याने उघडू दे आणि परत जोडू दे. गाडी मागाहून येईल तेव्हा येईल."

ते गेले. परवा फोन आला, मुलाने पासपोर्टचे कागद काढले आहेत म्हणून.