‘म्हातारा’ ते ‘शतायुषी’ : दीर्घायुष्याच्या शब्दांचा इतिहास

मराठीत खूप वय झालेल्या माणसासाठी शब्दांची कमी नाही. वयोवृद्ध, वडीलधारे, जख्ख म्हातारा, थेरडा, पिकलं पान, शतायुषी, आणि सरकारी भाषेत ज्येष्ठ नागरिक. यातला कोणता शब्द आपण वापरतो यावरून त्या माणसाकडे आपण कसे पाहतो हे कळते. डॉक्टर म्हणून मला आणखी एक गोष्ट दिसते. आजोबांच्या तक्रारीची तपासणी करायची की ‘वयच झालं’ म्हणून सोडून द्यायची, हेही बरेचदा या शब्दांवरच ठरते. म्हणून आज आजाराऐवजी या शब्दांचा इतिहास सांगतो.

मान देणारे शब्द कसे घसरले

‘म्हातारा’ हा शब्द संस्कृतातील ‘महत्तर’ या शब्दापासून आला. महत्तर म्हणजे अधिक मोठा. जुन्या ताम्रपटांत गावातील प्रतिष्ठित, कारभारी मंडळींना महत्तर म्हटलेले आढळते. म्हणजे मुळात ही पदवी होती.

‘थेरडा’ या शब्दाचे तर आणखी नवल वाटते. संस्कृत ‘स्थविर’ म्हणजे वृद्ध, स्थिर झालेला. पाली भाषेत त्याचे ‘थेर’ झाले आणि बौद्ध संघातील ज्येष्ठ भिक्खूंना थेर म्हणू लागले. थेरवाद हे पंथाचे नावही त्यावरूनच पडले. लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यांत गेलात तर दगडी स्तूपांचा एक समूह दिसेल. त्यांतील काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. ज्या शब्दाने लोकांनी एकेकाळी हात जोडले, त्याच शब्दाला ‘डा’ जोडून आज आपण शिवी दिली.

आयुष्याचे टप्पे

म्हातारपण नेमके केव्हा सुरू होते? चरकसंहितेत वयाचे बाल, मध्य आणि जीर्ण असे तीन भाग केले आहेत आणि साठीनंतरचे वय जीर्ण मानले आहे. सुश्रुताने मात्र वृद्धत्वाची सीमा सत्तरीला ठेवली. दोन मोठ्या ग्रंथांत दहा वर्षांचा फरक आहे. याचा अर्थ ‘म्हातारपणाचे वय’ हे निसर्गाने आखून दिलेले नाही, ते माणसाने ठरवलेले आहे.

आपल्या समाजाने या टप्प्यांना विधींची जोड दिली. साठाव्या वर्षी षष्ठ्यब्दपूर्ती. पुढे भीमरथी, म्हणजे सत्त्याहत्तराव्या वर्षातील सातव्या महिन्याची सातवी रात्र. ती ओलांडायला भयंकर कठीण मानली जाई, हे नावावरूनच कळते. त्यानंतर सहस्रचंद्रदर्शन. त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात. अशा हजार पौर्णिमा पाहायला साधारण ८० वर्षे १० महिने लागतात. म्हणून हा सोहळा एक्याऐंशीच्या आसपास होतो. पंचांगाच्या या हिशेबात अधिक महिनेही आपोआप धरले जातात.

जपानमध्येही अशीच पद्धत आहे. तिथे अठ्ठ्याऐंशीव्या वर्षाला ‘बेईजू’, म्हणजे तांदळाचे वय म्हणतात, कारण तांदळाच्या चिन्हाचे तुकडे केले तर आठ, दहा, आठ अशी चिन्हे मिळतात. नव्याण्णव म्हणजे ‘हाकुजू’, पांढरे वय. शंभराच्या चिन्हातून वरची एकची रेघ काढली की ‘पांढरा’ हे चिन्ह उरते.

या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे. वय वाढले म्हणजे काहीतरी मिळवले, असे ते मानतात.

शंभरी खरी की सांगोवांगी?

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस पार नावाचा शेतकरी १५२ वर्षांचा असल्याचे सांगत. १६३५ मध्ये त्याला लंडनला राजाच्या भेटीस आणले गेले आणि तिथेच तो वारला. त्याचे शवविच्छेदन केले विल्यम हार्वे यांनी, ज्यांनी रक्ताभिसरणाचा शोध लावला. अवयव चांगल्या स्थितीत असल्याचे त्यांनी नोंदवले आणि लंडनची हवा व बदललेले खाणे मृत्यूला कारण ठरले असावे, असे मत दिले. अवयव १५२ वर्षांच्या माणसाचे वाटत नाहीत, म्हणजे कदाचित वयच चुकीचे असेल, ही शंका मात्र त्यांनी पुढे रेटली नाही. पारला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरण्यात आले.

ही शंका सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी विल्यम थॉम्स यांनी ठामपणे मांडली. इंग्रजीत लोकसाहित्यासाठी रूढ झालेला ‘फोकलोअर’ हा शब्द १८४६ मध्ये त्यांनीच बनवला. १८७३ मध्ये त्यांनी दीर्घायुष्यावर पुस्तक लिहिले. त्यांचा आग्रह साधा होता : लोक काय म्हणतात ते राहू द्या, जन्माची नोंद दाखवा. पारच्या वयाला असा पुरावा नव्हता.

कागद तपासून मान्य झालेले सर्वाधिक वय फ्रान्समधील जान काल्माँ यांचे आहे. त्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८७५चा आणि मृत्यू ४ ऑगस्ट १९९७चा. म्हणजे १२२ वर्षे आणि १६४ दिवस. शंभरी ओलांडलेल्यांसाठी इंग्रजीत ‘सेंटेनेरियन’ हा जुना शब्द होता. पण ११० वर्षे पार केलेल्यांसाठी ‘सुपरसेंटेनेरियन’ हा शब्द विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. माणसे त्या वयाला पोचू लागली आणि तेही कागदोपत्री सिद्ध होऊ लागले, तेव्हा शब्दाची गरज पडली.

महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढचे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. जन्म १८ एप्रिल १८५८. त्यांना भारतरत्न मिळाले १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, आणि निधन झाले नोव्हेंबर १९६२ मध्ये, वयाच्या १०४ व्या वर्षी. ‘शतायुषी भव’ हा आशीर्वाद अक्षरशः खरा झाला.

आपल्याकडे अनेक ज्येष्ठांकडे जन्मदाखला नसतो. ‘गांधीवध झाला तेव्हा मी शाळेत जात होतो’ असे सांगून वय काढावे लागते. ही नुसती गंमत नाही. मूत्रपिंडांची क्षमता मोजण्याच्या सूत्रांत वय घालावे लागते आणि काही औषधांचा डोस त्यावर ठरतो. म्हणून अंदाजाने का होईना, पण विचार करून वय सांगा. दहा वर्षे वर किंवा खाली सांगू नका.

‘जरा’ आणि जेरियाट्रिक्स

संस्कृत ‘जरा’ म्हणजे वार्धक्य, आणि ग्रीक ‘गेरास’ म्हणजेही वार्धक्य. दोन्ही शब्द एकाच प्राचीन मूळातून आले आहेत. ग्रीक शब्दावरून न्यूयॉर्कचे डॉक्टर इग्नाट्झ नॅशर यांनी १९०९ मध्ये ‘जेरियाट्रिक्स’ हा शब्द तयार केला. त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग सांगितला जातो. एका वृद्ध स्त्रीच्या तक्रारीबद्दल त्यांनी शिक्षकांना विचारले, तर उत्तर आले की हे म्हातारपण आहे, याला करण्यासारखे काही नाही. नॅशर यांना ते पटले नाही. बालपण हा वेगळा काळ म्हणून बालरोगशास्त्र आहे, तसेच वार्धक्याचेही स्वतंत्र शास्त्र हवे, असे ते म्हणू लागले.

हा वाद शंभर वर्षांनीही संपलेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘म्हातारपण’ असाच शब्द एका नोंदीसाठी घातला होता. जगभरातून विरोध झाला. वय हेच कारण म्हणून लिहिता आले तर खरा आजार शोधणार कोण, हा आक्षेप होता. शेवटी तो शब्द काढून तिथे ‘वाढत्या वयाशी निगडित अंगभूत क्षमतेतील घट’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग आला. लांबलचक आहे खरा, पण तो वर्षे मोजत नाही, क्षमता मोजतो. आज आम्हीही तेच पाहतो : वजन आपोआप घटले का, हाताची पकड सैल झाली का, चाल मंदावली का, सतत थकवा वाटतो का, हालचाल कमी झाली का. यांतल्या तीन गोष्टी असतील तर त्या अवस्थेला ‘फ्रेल्टी’ म्हणतात. ती सत्तरीत असू शकते आणि नव्वदीत नसूही शकते. योग्य व्यायाम, पुरेशी प्रथिने आणि औषधांचा फेरआढावा यांनी तिच्यात सुधारणाही होऊ शकते.

घरच्यांनी लक्षात ठेवावे असे

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण निदान नव्हे. एक-दोन दिवसांत माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, दिवस-रात्र ओळखेनासा झाला, तर त्याला म्हातारचळ म्हणू नका. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, नवे सुरू झालेले औषध, किंवा पडून डोक्याला लागलेला मार, यांपैकी काहीही असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

हळूहळू वाढणारा विसर, उदासपणा, अबोला यांमागे थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य किंवा नुसते कमी ऐकू येणेही असते. यांवर उपचार आहेत. दवाखान्यात आल्यावर ‘आता वय झालं यांचं’ एवढे सांगून थांबू नका. सहा महिन्यांपूर्वी ते काय करू शकत होते आणि आज काय जमत नाही, एवढे सांगा. निदानाला त्याचा उपयोग सर्वात जास्त होतो.