रानपिंगळ्याचें गोत्र

माणसाला जसें आडनांव, तशी पशुपक्ष्यांना प्रजाति. परस्परांशीं नातें असलेल्या जातींस शास्त्रज्ञ एका प्रजातीच्या नांवाखालीं आणतात. परंतु हें नातें ठरवितांना केवढा विलंब लागतो आणि केवढी फसवणूक होऊं शकते, हें खानदेशच्या रानपिंगळ्याच्या इतिहासावरून दिसून येतें.

लिनीअसनें १७५८ सालीं झाडून सारीं घुबडें ‘स्ट्रिक्स’ या एकाच प्रजातींत घातलीं. पुढें १८२२ सालीं बोई या जर्मन पंडितानें लहान घुबडांसाठीं ‘अथीनी’ ही प्रजाति वेगळी काढली. अथीना ही ग्रीकांची विद्यादेवता आणि घुबड हा तिचा पक्षी. आमच्या मिठबावकडे तिन्हीसांजेस ओरडणारा ठिपकेदार पिंगळा याच प्रजातींतला.

ब्लुइट यांस १८७२ सालीं आजच्या छत्तीसगडांत एक निराळा पिंगळा मिळाला. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नव्हते. पुढें राष्ट्रसभेच्या संस्थापकांत गणले गेलेले ह्यूम हे मोठे पक्षिवेत्ते. त्यांनीं १८७३ सालीं या पक्ष्यास स्वतंत्र प्रजाति देऊन तिचें नांव ‘हेटेरोग्लॉक्स’, म्हणजे ‘निराळें घुबड’, असें ठेविलें. नंतर डेव्हिडसन यांनीं खानदेशांत आणखी पक्षी मिळविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी दिसेनासा झाला. संग्रहालयांतील सात कातड्यांवरून पंडितांनीं पुढें त्याला ‘अथीनी’त घातलें.

त्या सातांपैकीं एकावर, कर्नल माइनर्ट्झहागेन यांनीं तें १९१४ सालीं गुजरातेंत मांडवी येथें मिळविल्याची चिठ्ठी होती. रासमुसेन व कॉलर यांनीं १९९९ सालीं सप्रमाण दाखविलें कीं, तें ब्रिटिश म्युझियममधून चोरलेलें व नव्यानें भरलेलें डेव्हिडसनचेंच कातडें होय. ही खोटी चिठ्ठी बाजूस सारून रासमुसेन, किंग व अ‍ॅबट यांनीं जुन्या खऱ्या नोंदींच्या प्रदेशांत शोध केला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. रात्रिंचरांच्या कुळांतला हा पक्षी भरदिवसां उघड्या फांदीवर बसतो, हेंही तेव्हांपासून नीट कळूं लागलें. मग कांहींनीं ह्यूमचें नांव पुन्हा स्वीकारलें. पण २०१८ सालीं भारतीय संशोधकांनीं केलेल्या आनुवंशिक तपासणींत तो ‘अथीनी’च्याच कुटुंबांतला ठरला.

म्हणजे आडनांवाचा निर्णय होण्यास १४५ वर्षें लागलीं! तरीही आमच्या मतें खरा धडा त्या चिठ्ठीचा आहे. नाम चुकलें तर पुढील पंडित तें सुधारूं शकतो. ठिकाण खोटें लिहिलें, तर शोध भलत्याच रानांत होतो, आणि खरें रान दरम्यान तुटत राहतें. पुढें मेळघाटांत व तानसा येथेंही हा पक्षी आढळला आहे. परंतु सातपुड्यांतलें त्याचें सागाचें रान शेतीसाठीं अजून तुटतें आहे. रानच उरलें नाहीं, तर गोत्र निश्चित होऊन काय उपयोग?