बंड, दरोडा आणि क्रांती : खानदेशातील गुन्ह्याची भाषा

जिल्हा दैनिकांतील गुन्हेवृत्ताचे पान रोज आवडीने वाचले जाते. मात्र मराठीच्या अभ्यासक्रमात त्याला कधी जागा मिळत नाही. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यापुरते पाहिले, तरी या पानाचा ठराविक मजकूर डोळ्यांपुढे येतो. शिंदखेडा, दोंडाईचा आणि नरडाणा या ठाण्यांच्या हद्दीत कुणाच्या विहिरीवरची मोटार आणि केबल गेलेली असते, बंद घराचे कुलूप तुटलेले असते, मोटारसायकल जागेवर नसते. तापी-पांझरेच्या पात्रातून वाळू नेणारे ट्रॅक्टर पकडले जातात, हातभट्टीचे रसायन ओतून दिले जाते, पत्त्यांच्या डावावर धाड पडते. या बातम्यांची भाषाही ठरलेली आहे. ‘अज्ञात चोरटा’ दोन दिवसांनी ‘संशयित इसम’ होतो, मग ‘सराईत’ ठरतो आणि शेवटी ‘मुद्देमालासह मिळून येतो’.

ही भाषा पोलीस ठाण्यातून वृत्तपत्रात येते, हे उघड आहे. फिर्याद, जबाब आणि पंचनामा या शासकीय मराठीच्या जुन्या लेखनपद्धती आहेत. त्यांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्याच्याविषयी त्या लिहिल्या जातात, तो त्यांचा लेखक कधीच नसतो. आरोपीचा जबाब प्रथमपुरुषी असला, तरी तो लिहून घेणारा हात दुसऱ्याचा असतो. कोणत्या कृतीला कोणते नाव मिळाले आणि ते टिकले का, याचे उत्तर पुष्कळदा ती कृती नंतर कोणी लिहिली यात सापडते. खानदेशच्या इतिहासात या विधानाला दोन ठळक उदाहरणे आहेत. दोन्ही खजिन्याच्या लुटीची आहेत. एक १८५७ मधील, आग्रा मार्गावरचे. दुसरे १९४४ मधील, शिंदखेडा तालुक्यातल्या चिमठाण्याजवळचे.

पहिल्या उदाहरणाची पार्श्वभूमी थोडी मागे जाऊन पाहावी लागते. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा हा प्रदेश मोडकळीस आलेला होता. १८०२ मधील होळकरी फौजेची धूळधाण आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी गावेच्या गावे ओस पाडली होती. सातपुडा, सातमाळा आणि अजिंठ्याच्या डोंगरांत राहणाऱ्या भिल्लांचा पूर्वीच्या राजवटींशी असलेला संबंध दुहेरी होता. गावाची आणि घाटवाटांची राखण त्यांच्याकडे असे आणि त्या राखणीबद्दल त्यांच्या नाईकांना हक्क मिळत. खानदेशातील ‘जागल्या’ हा गावकामगार बहुधा भिल्लच असे. हे हक्क बुडाले की राखणदारच वाट अडवी. जुन्या राजवटींच्या दृष्टीने हा हक्काचा तंटा होता आणि तो कधी शस्त्राने, कधी तडजोडीने मिटे. नव्या सरकारने त्याला गुन्हा म्हटले. आरंभी कॅप्टन ब्रिग्ज यांच्या कारकिर्दीत फौजा पाठवणे आणि नाईकांना तनखे देणे असे दोन्ही उपाय झाले. पुढे १८२५ मध्ये जेम्स औट्रम यांनी भिल्लांचीच पलटण उभारली आणि धरणगाव हे तिचे ठाणे झाले. लुटारू म्हणून ज्यांचा पाठलाग चालला होता, त्यांच्यातूनच शिपाई निवडले गेले. एकाच समाजातली माणसे एकाच वेळी पोलीस आणि आरोपी या दोन्ही रकान्यांत बसली.

खाज्या नाईक यांचे चरित्र या दोन्ही रकान्यांतून गेलेले आहे. सेंधव्याच्या घाटात आग्रा मार्गाची राखण करणारे ते सरकारी नोकर होते. ताब्यात सापडलेल्या एका संशयिताच्या मृत्यूबद्दल त्यांना तुरुंगवास झाला. आजच्या भाषेत आपण याला कोठडीतील मृत्यू म्हणू. सुटकेनंतर १८५७ च्या धामधुमीत त्यांना पुन्हा कामावर घेतले गेले आणि त्याच वर्षी ते सरकारविरुद्ध उठले. आग्रा मार्गावरून जाणारा सुमारे सात लाखांचा खजिना त्यांच्या लोकांनी लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे इंग्रजी फौजेशी लढाई झाली. पकडलेल्या पुरुषांपैकी अनेकांना झटपट चौकशी करून गोळ्या घालण्यात आल्या आणि भिल्ल स्त्रियांना कैद करून नेण्यात आले. १८६० मध्ये खाज्या नाईक विश्वासघाताने मारले गेले.

या साऱ्या प्रसंगाचे लिखित साधन म्हणजे अधिकाऱ्यांचे अहवाल आणि त्यांवर आधारलेले गॅझेटिअर. खाज्या नाईकांनी किंवा त्यांच्या साथीदारांनी लिहिलेले एक पानही आपल्यापुढे नाही. त्यामुळे सात लाखांची लूट आपल्याला लुटीच्या शब्दांतच भेटते. ती का झाली, तिचे वाटप कसे झाले, तिच्याविषयी पाड्यापाड्यांत काय बोलले गेले, हे सांगणारा आवाज दप्तरात नाही. अलीकडच्या काळात त्यांची नोंद क्रांतिकारक म्हणून होऊ लागली आहे, ही समाधानाची गोष्ट. पण ती व्हायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

१८५७ चे वादळ शमताच भारतीय दंडसंहिता आली. ती १८६० ची, अंमल १ जानेवारी १८६२ पासून. तिच्यातील मालमत्तेविषयीच्या गुन्ह्यांची उतरंड मराठीत चोरी, जबरी चोरी आणि दरोडा अशी रूढ झाली. जबरी चोरीत पाच किंवा अधिक माणसे असली की तिचा दरोडा होतो. कलम ३९१ ची ही व्याख्या दीडशेहून अधिक वर्षे चालली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, कलम ३१० मध्ये, पाच हा आकडा कायम आहे. कायद्याला माणसे मोजावीच लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती पाच माणसे कशासाठी एकत्र आली, हे या व्याख्येत मावत नाही.

त्यानंतरच्या कायद्यांनी नेहमीच्या गुन्ह्यांची यादी वाढवली. १८७८ च्या वनकायद्याने लाकूडफाटा आणि चराई यांचा मोठा भाग परवान्याच्या कक्षेत नेला. त्याच वर्षीच्या मुंबई अबकारी कायद्याने मोहाची दारू घरी गाळणे गुन्हा ठरवले. १८८७ मध्ये जुगारबंदीचा कायदा आला, १९४९ मध्ये दारूबंदीचा. दारूबंदी आणि जुगार यांच्या आजच्या कारवाया शेवटच्या दोन कायद्यांखालीच होतात. येथे दारूचे समर्थन अभिप्रेत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी १९३७-३८ मध्ये गुलाम महाराजांनी चालवलेल्या ‘आप’ चळवळीत हजारो आदिवासींनी आपखुशीने दारू सोडली होती, हेही याच प्रदेशाचे सत्य आहे. मुद्दा असा की, आजोबांचे रोजचे काम नातवाच्या काळात गुन्हा झाले, तेव्हा बदलला होता तो कायदा. आणि ज्याच्या दारात मोह होता, त्याचेच नाव ठाण्याच्या दप्तरात आधी चढले.

याहून कठोर पाऊल १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने उचलले. त्याने कृतीऐवजी जन्मालाच गुन्हा मानले. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यात पारधी, भामटे, कैकाडी, मांग-गारुडी आदी समाजांवर हजेरीची सक्ती आली आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहती चालल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून गेला. परंतु १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्याने जमात वगळून व्यक्तीकडे पाहिले, हे खरे. तथापि ‘सराईत’ या शब्दाने जुन्या ‘गुन्हेगार जमाती’ची सावली सोबत आणली, आणि बातम्यांतून ती अद्याप हललेली नाही.

आता दुसरा खजिना. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ लुटण्यात आला. साताऱ्याच्या प्रतिसरकारातील जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासह साताऱ्याचे व खानदेशचे कार्यकर्ते या योजनेत होते. धुळ्याचे डॉ. उत्तमराव पाटील हे त्यांतले प्रमुख नाव. १९४२ नंतर भूमिगत झालेल्या चळवळीला पैसा हवा होता आणि तो सरकारी तिजोरीतून घ्यायचा, असा विचार होता. कायद्याच्या पुस्तकात ही घटना दरोड्याच्या व्याख्येत नेमकी बसते. माणसे पाचांहून अधिक, माल सरकारी, बळाचा वापर उघड. पोलिसांनी त्याच दृष्टीने शोध घेतला. नागनाथअण्णांना पुढे १९४४ मध्येच अटक झाली आणि त्याच वर्षी ते साताऱ्याच्या तुरुंगाची भिंत ओलांडून निसटले. फेब्रुवारी १९४५ मध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकीत त्यांचे साथीदार किसन अहीर आणि नानकसिंग हुतात्मा झाले.

तीन वर्षांनी राज्य बदलले आणि दरोड्याचे आरोपी स्वातंत्र्यसैनिक ठरले. यात अयोग्य काहीच नाही. चिमठाण्याची घटना आज अभिमानाने सांगितली जाते आणि सांगितली जावी. परंतु शब्द का बदलला, हे पाहिले पाहिजे. त्या माणसांपैकी अनेक जण जगले, बोलले, सभांतून आणि लेखनातून आपली बाजू मांडू शकले. त्यांचा हेतू त्यांच्याच तोंडून नोंदला गेला. चिमठाण्याच्या साडेपाच लाखांना अर्थ सांगणारे लोक होते. आग्रा मार्गावरच्या सात लाखांना नव्हते.

अटकेतून लेखन जन्माला येण्याचे एक उदाहरण तर धुळ्यातच आहे. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि त्याच तुरुंगात असलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ असा आकाराला आला. पुढच्या वर्षी, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. मराठी वाङ्मयेतिहासात तुरुंग येतो तो प्रामुख्याने अशा ग्रंथांच्या निमित्ताने. धान्य चोरलेला, लाकूड तोडलेला, हातभट्टीत सापडलेला माणूसही त्याच व्यवस्थेतल्या तुरुंगात जात होता. पण त्याच्याविषयीचा मजकूर कैद्यांच्या नोंदवहीपुरताच राहिला. राजकीय कैदी लिहीत होता आणि साधा कैदी लिहिला जात होता, असे या काळाचे वर्णन करता येईल.

म्हणूनच लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांचे महत्त्व केवळ वाङ्मयीन नाही. दोन्ही ग्रंथांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले, त्यांवर वर्गात भरपूर चर्चाही होते. बोली, अनुभवाचे दाहक वास्तव, आत्मकथनाचा घाट हे मुद्दे आपण शिकवतो. परंतु ‘उचल्या’चा एक मुद्दा निसटून जातो. ज्या शब्दाने पोलिसांनी आणि गावाने एका समाजाला ओळखले, तो शब्द लेखकाने स्वतःच्या ग्रंथाला दिला. जबाब लिहून घेणारा हात आणि जबाब देणारे तोंड येथे प्रथमच एका माणसाचे झाले. पंचनाम्याशेजारी ठेवून हे पुस्तक वाचले, तर त्याचे वेगळेपण विद्यार्थ्याला एरवीपेक्षा लवकर उमगेल.

हा केवळ इतिहासाचा किंवा अध्यापनाचा प्रश्न नाही. १ जुलै २०१८ रोजी आठवडे बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्याच्याच साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणारी ही माणसे पोटासाठी दूरवरून आली होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा मोबाइलवरून आधीच पसरली होती. ‘टोळी’ हा शब्द त्या माणसांच्या अगोदर गावात पोचला होता. त्यांना फिर्याद, जबाब, पंचनामा यांतले काहीही मिळाले नाही. पोलिसांच्या भाषेला आपण नावे ठेवतो, पण निदान तीत ‘संशयित’ असा एक शब्द आहे आणि तो माणसाला न्यायालयापर्यंत जिवंत नेण्याचे वचन देतो. राईनपाड्याच्या जमावाने तेवढीही उसंत ठेवली नाही.

म्हणून गुन्ह्याच्या भाषेचा अभ्यास मराठीच्या वर्गात यायला हवा, असे वाटते. साधन महागडे नाही. जिल्हा दैनिकाचे एक पान, गॅझेटिअरमधील भिल्लांवरचा मजकूर, चिमठाण्याच्या घटनेचा एखादा वृत्तान्त आणि ‘उचल्या’ची काही पाने एकत्र ठेवावीत. विद्यार्थ्यांना तीनच प्रश्न द्यावेत : या मजकुरात कर्ता कोण आहे, विशेषण कोणाला लावले आहे, आणि ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला बोलू दिले आहे का? बातमीत आरोपीच्या नावाआधी त्याची जमात का आली, हे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर तो तास सार्थकी लागला असे समजावे. त्यांच्यातलीच काही मुले उद्या बातमीदार होतील, काही पोलीस भरतीला उतरतील. ‘सराईत’ आणि ‘टोळी’ हे शब्द कागदावर उतरवण्यापूर्वी ती क्षणभर थांबली, तर त्या थांबण्याने कुणाचा तरी जीवही वाचू शकेल.