नाम, क्रियापद आणि यंत्राचे कासव



मराठीच्या प्राध्यापकाने संगणकावर बोलावे, हे अनेकांना चमत्कारिक वाटेल. परंतु बालवर्गाला टॅब्लेट भेट द्यावेत आणि त्यांवर खेळता खेळता मुलांनी 'कोडिंग' शिकावे, असा संकल्प आपल्या माजी विद्यार्थी मंडळाने केला आहे, आणि त्याविषयी माझे मत विचारले आहे. मत देण्यापूर्वी त्या कल्पनेचा इतिहास धुंडाळावा, ही माझी जुनी खोड. तो धुंडाळताना मी अनपेक्षितपणे माझ्याच विषयाच्या दारात येऊन उभा राहिलो.

1967 साली मी इंदूरच्या या शाळेतून अकरावी उत्तीर्ण झालो. त्याच वर्षी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे, बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत वॉलेस फॉयरझाइग, सिमूर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी एक संगणकभाषा रचली. तिचे नाव 'लोगो'. ज्या ग्रीक शब्दावरून ते घेतले, त्याचा अर्थच 'शब्द' असा आहे. पेपर्ट हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतील गणिती. 1958 ते 1963 या काळात त्यांनी जिनिव्हात जाँ पियाजे यांच्यासमवेत काम केले होते. मूल ज्ञान आयते घेत नाही, ते स्वतः रचते, हा विचार त्यांनी तेथून आणला. संगणक ही तेव्हा मोठ्या संस्थांची मिरासदारी होती. तो मुलांच्या हाती सोपवण्याची भाषा करणे हेच मुळी धाडस होते.

लोगोचे प्रसिद्ध कासव मागाहून आले. चाकांवर चालणारे, पोटाशी लेखणी असलेले ते एक यंत्र. 'शंभर पुढे, नव्वद अंश उजवीकडे' ही जोडआज्ञा चार वेळा दिली की जमिनीवर चौरस उमटे. वर्तुळ कसे काढावे हे मुलाला उमगले नाही, तर त्याला स्वतःच कासव होऊन चालायला सांगत : एक पाऊल पुढे, थोडेसे वळण, पुन्हा एक पाऊल. आकृती बिघडली तर तांबडी शाई नसे. कोणती आज्ञा चुकली, हे मुलानेच शोधायचे. संगणकाने मुलाला नव्हे, मुलाने संगणकाला शिकवायचे, हा या साऱ्याचा गाभा होता.

मला थबकवले ते मात्र कासवाने नव्हे. पेपर्ट यांच्या 'माइंडस्टॉर्म्स' (1980) या ग्रंथात तेरा वर्षांच्या एका मुलीची हकीगत आहे. शाळेत ती बेताचीच. शब्दांचे साठे देऊन संगणकाकडून वाक्ये रचून घ्यायची, असा तिचा उद्योग होता. संगणक वेडीवाकडी वाक्ये करी. ती सुधारण्यासाठी तिला शब्दांचे गट पाडावे लागले, आणि एके दिवशी ती आनंदाने सांगत आली, की नामे आणि क्रियापदे कशासाठी असतात हे आपल्याला कळले. व्याकरण तिला पूर्वी शिकवलेले होतेच. त्याची गरज तिला कधी पडली नव्हती, एवढेच.

महाविद्यालयात जाण्यापूर्वी काही वर्षे मी शाळेत शिकवीत असे. एका मुलाने उभे राहून विचारले होते, "सर, नाम कोणते, क्रियापद कोणते, हे ओळखून करायचे काय?" मी त्याला उद्धट ठरवले आणि दोन्ही व्याख्या दहादहा वेळा लिहायला लावल्या. पेपर्ट यांचे ते पान वाचताना तो मुलगा माझ्यासमोर उभा राहिला. त्याचे नावही आता आठवत नाही.

परंतु लोगोसाठी वाचता-लिहिता यावे लागे. बालवर्गाचे काय? हा प्रश्न 1970 च्या दशकाच्या मध्यास एमआयटीतील रेडिया पर्लमन या तरुण विद्यार्थिनीने सोडवला. (पुढे संगणकजाळ्यांच्या शास्त्रात त्यांनी मोठे नाव मिळवले.) त्यांनी कासवासाठी बटणांची पेटी केली, आणि मग खाचांत पत्ते खोवण्याचे एक यंत्र. मूल चित्रांचे पत्ते क्रमाने लावी, कासव त्या क्रमाने चाले, आणि जो पत्ता अमलात येत असेल त्याच्यापाशी दिवा लागे. अक्षरओळख नसलेल्या मुलालाही आपली चूक अशी दिसू लागली. 2007 मध्ये एमआयटीच्याच मीडिया लॅबमधून, मिचेल रेझनिक यांच्या गटाने 'स्क्रॅच' खुले केले. त्यातील आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत बसतात, आणि न जुळणारे बसतच नाहीत. वैयाकरणाला हेवा वाटावा अशी ही सोय! 2014 मध्ये पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी 'स्क्रॅच-ज्युनियर' आले. तेव्हा टफ्ट्स विद्यापीठात असलेल्या मरीना बेर्स यांचा त्यात मोठा वाटा. येथे ठोकळ्यांवर शब्दांऐवजी चिन्हे आहेत, आणि ते वाचनाच्या दिशेने, डावीकडून उजवीकडे जोडायचे असतात.

बाजारात याच नावाखाली दुसरीही खेळणी मिळतात. त्यांत वाट आधीच आखलेली असते. मुलाने बाण दाबावेत, बरोबर आले की तारा मिळावा. त्या ताऱ्यांत आणि माझ्या दहादहा व्याख्यांत मला फारसा फरक दिसत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही कोडिंगचा उल्लेख केला आहे तो मधल्या टप्प्यासाठी, म्हणजे सहावीपासून. तेव्हा घाईचे कारण नाही. टॅब्लेट थोडेच घ्यावेत, दोन मुलांत एक द्यावा, म्हणजे मुले आपापसांत बोलतील. आणि ज्यात मूल स्वतःचे काही रचते, असेच साधन निवडावे. पण त्याआधी काही दिवस कागद आणि वाट्या वापरून पाहाव्यात, असे मी मंडळाला सुचवले आहे.

मी ते घरी करून पाहिले. माझी नात दुसरीत आहे. एका वाटीत नामांच्या चिठ्ठ्या, दुसरीत क्रियापदांच्या. डोळे मिटून एकेक उचलायची. 'चिमणी पळतो' निघाले तशी ती हसून लोळली, आणि मग क्रियापदांच्या दोन वाट्या झाल्या, एक 'पळतो'ची, एक 'पळते'ची. बैल पहिल्या वाटीचा, चिमणी आणि वासरू दुसरीची. हे जमले तेव्हा मी म्हटले, "आता सारे काल घडले असे समज." तिने 'पळाला' आणि 'पळाली' अशा नव्या चिठ्ठ्या केल्या, आणि हाती आले 'वासरू पळाली'. ती बराच वेळ त्या चिठ्ठ्यांकडे पाहत राहिली. मी तोंड मिटून बसलो, आणि हे मला फार जड गेले. मग ती उठली आणि आणखी एक वाटी आणायला स्वयंपाकघरात धावली.