शर्यत सरली, बिअर उरली

अण्णांना मी फोनवर सांगितलं, "रविवारी जत्रेला चाललेय." खोटं नव्हतं. फक्त जत्रा म्युनिकची होती आणि तिचं नाव ऑक्टोबरफेस्ट होतं, एवढं सांगायचं राहिलं.

राहिलं म्हणजे मीच ठेवलं. आमचं घर मळवलीजवळ. पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोहगडाकडे आणि भाज्याकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या खाचरांच्या कडेनं जातात. काही वर्षांपूर्वी ऐन लावणीत अण्णांचा पाय चिखलातल्या एका फुटक्या बाटलीवर पडला. सहा टाके पडले आणि पंधरा दिवस ते ओटीवर बसून दुसऱ्यांची लावणी बघत राहिले. बाटली बिअरची होती. तेव्हापासून आमच्या घरात बिअर म्हणजे काच. मी जर्मनीला निघाले तेव्हा आई म्हणाली होती, "थंडीला जप." अण्णा म्हणाले होते, "त्या काचेला जप."

सप्टेंबर 2024 मधला तो रविवार. स्टेशनातून बाहेर पडले आणि गर्दीनंच मला आत नेलं. पहिली दहा मिनिटं मला एकवीरेची चैत्रातली यात्रा आठवत होती. तीच ढकलाढकल, तेच पाळणे, खेळण्यांसाठी रडणारी तीच पोरं. मग आम्ही एका तंबूत शिरलो. तंबू म्हणायचं, पण आत हजारो माणसं बसतील एवढा मांडव. मधोमध बँड वाजत होता आणि लोक बाकांवर उभे राहून गात होते. एक लिटरच्या काचेच्या मगाला तिथे 'मास' म्हणतात. भरलेला मग दोन किलोच्या वर जातो. असे दहा-दहा मग छातीशी कवटाळून वाढणाऱ्या बायका गर्दीतून वाट काढत होत्या. डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर कळशी घेऊन चढ चढणारी माझी आजी मला त्यांच्यात दिसली. मित्रांनी बिअर मागवली, मी सफरचंदाचा सोडा घेतला. एका मासला चौदा-पंधरा युरो पडत होते, म्हणजे अण्णांच्या तीन दिवसांच्या मजुरीपेक्षा जास्त. हा हिशेब मी कुणाला सांगितला नाही.

तासाभरानं कान दुखायला लागले म्हणून एकटीच बाहेर पडले आणि मैदानाच्या दक्षिणेकडे चालत गेले. बँडचा आवाज मागे पडला आणि अचानक ओळखीचा वास आला. गोठ्याचा.

तिथे वेगळं तिकीट होतं. आत ओळीनं गाई बांधलेल्या, तांबड्या-पांढऱ्या, अंगं पुसूनपासून लख्ख केलेली. शेतकरी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते. पलीकडे ट्रॅक्टर, बियाणी, यंत्रं. हे बव्हेरियाचं मध्यवर्ती कृषी प्रदर्शन. काही वर्षांच्या अंतरानं ते ऑक्टोबरफेस्टच्या बरोबरीनं त्याच मैदानावर भरतं आणि योगायोगानं 2024 त्याचं वर्ष होतं. गाईजवळ उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला विचारलं, "हरवलीस का? बिअर तिकडे आहे." मी म्हणाले, "नाही, मी गाई बघायला आलेय." तो खूश झाला. म्हणाला, "मग तू खऱ्या जत्रेत आलीस."

ते त्याचं कौतुकाचं बोलणं असेल असं मला वाटलं. नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं, तो इतिहास सांगत होता.

12 ऑक्टोबर 1810 रोजी बव्हेरियाचा युवराज लुडविग याचं टेरेझ या राजकन्येशी लग्न झालं. पाच दिवसांनी, 17 ऑक्टोबरला, गावाबाहेरच्या कुरणात घोड्यांची शर्यत झाली. ही कल्पना फ्रान्झ बाउमगार्टनर नावाच्या माणसाची, असं सांगतात. तो भाड्यानं गाडी चालवायचा. आपल्या भाषेत टांगेवाला. शर्यतही त्यानंच जिंकली. वधूच्या नावावरून कुरण झालं टेरेझिएनवीजे, म्हणजे टेरेझचं कुरण. पुढच्या वर्षी शर्यत पुन्हा झाली आणि शेतीला चालना मिळावी म्हणून सोबत जनावरांचं प्रदर्शन भरवलं गेलं. 1818 मध्ये पाळणे आले. 1819 मध्ये शहरानं ही जत्रा दरवर्षी भरवायची जबाबदारी घेतली. बिअर होती, पण लहानलहान टपऱ्यांतून. लोक यायचे ते घोडे आणि गुरं बघायला.

मग बिअर मधोमध कशी आली? एक कारण हवा. सोळाव्या शतकापासून बव्हेरियात उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी होती. 1553 चा हुकूम असा की सप्टेंबरअखेर ते 23 एप्रिल एवढ्याच काळात बिअर बनवावी, कारण उन्हाळ्यात ती नासायची आणि भट्ट्यांमुळे आगी लागायच्या. म्हणून मार्चमध्ये जरा कडक बिअर बनवून तळघरात गारव्याला ठेवत आणि उन्हाळाभर पुरवत. तिचं नाव 'मेर्झन', म्हणजे मार्चची. जुनं धान्य संपवून कणगी रिकामी करावी तशी शरद ऋतूत ही पिंपं रिकामी व्हायची. 1872 मध्ये शॉटनहामेलच्या मांडवात अशी मेर्झन विकली गेली आणि जत्रेला तिची स्वतःची बिअर मिळाली. त्याच दशकात कार्ल फॉन लिंडे यांचं थंड करणारं यंत्र म्युनिकच्या श्पाटेन बिअर कारखान्यात बसलं आणि बाराही महिने बिअर बनू लागली. रेल्वे गर्दी आणत होतीच. एकोणिसावं शतक संपता संपता टपऱ्यांच्या जागी मोठे मांडव उभे राहिले. घोड्यांची शर्यत मागे पडत गेली. 2010 मध्ये दोनशे वर्षं झाली म्हणून आठवणीपुरती ती पुन्हा भरवली.

हे वाचताना मला आमचा घाट दिसत होता. बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीला आम्ही घाट म्हणतो. पुढे घोडी, मागे बैल, वर उधळलेला भंडारा आणि माईकवरचं ते "भिर्रर्र". 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं जनावरांचे हाल होतात म्हणून या शर्यतींवर बंदी घातली. हाल होत होते, हे अण्णाही मानतात. शेपटी पिरगाळणाऱ्याला त्यांनी भर घाटात झापलेलं मी पाहिलंय. 16 डिसेंबर 2021 ला अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं कायदा वैध ठरवला. पण मधली सात वर्षं आमच्या यात्रेत घाट रिकामा होता. दोघातिघांनी बैल विकले. रिकाम्या दुपारी डीजे आला आणि डीजेमागून गाडीच्या डिकीतून बाटल्या आल्या. यात्रेचा मधला खांब काढला की तिथे काहीतरी येऊन उभं राहतंच.

हे फक्त यात्रेचं नाही. लोणावळ्याचं भुशी धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. इंजिनं गेली, पायऱ्या उरल्या आणि आज त्या पायऱ्यांवर काय चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. पुण्यात 2009 मध्ये 'डूलाली'नं ताजी बिअर सुरू केली तेव्हा ती बनवणारा ऑलिव्हर शाउफ जर्मन होता. म्हणजे जर्मन बिअर आमच्यापासून तासाभरावर पोचलीय. तिच्यामागचा नियम पोचलेला नाही. ऑक्टोबरफेस्टमध्ये फक्त म्युनिकच्या सहा कारखान्यांची बिअर विकता येते आणि 1991 पासून तिथे एकदाच वापरून फेकायच्या ताटल्या चालत नाहीत. मग तर दारावरचे रखवालदार पिशव्या तपासून परत घेतात, कारण आठवण म्हणून ते चोरणारे दरवर्षी हजारो निघतात. सगळं गोड आहे असं मात्र नाही. संध्याकाळी परत येताना बाजूच्या उतारावर माणसं आडवी पडलेली होती. त्यांना तिथे 'बिअर-प्रेतं' म्हणतात. एका मुलीला तिच्या मैत्रिणी दोन्ही बाजूंनी धरून नेत होत्या आणि एक माणूस उगाच त्यांच्या मागे चालत होता. मीही पाऊल भरभर टाकलं. त्या वर्षी सुमारे 67 लाख लोक आले. एवढ्या गर्दीला नुसता नियम पुरत नाही.

रात्री व्हिडिओ कॉल केला आणि सगळं खरं सांगितलं. अण्णा गप्प झाले. मग मी गाईंचे फोटो पाठवले. ते चष्मा लावून बराच वेळ बघत होते.

"दूध किती देती?"

"विचारलं नाही."

"एवढं लांब गेलीस आन् तेवढं इचारलं न्हाईस?" मग जरा थांबून म्हणाले, "आणि घोडी पळवायची का बंद केली त्यांनी?"

मी त्यांना मार्चच्या बिअरपासून लिंडेच्या यंत्रापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजी कुणी बंद न्हाई केली," ते म्हणाले. "लोक बघायचे थांबले."

येत्या चैत्रात मी घरी जाणार आहे. आमच्या घाटावर सकाळी लवकर जागा धरावी लागते. अण्णांनी आत्ताच सांगून ठेवलंय की पुढचा कठडा आपला.